पहाटे किती होतं?

लडाखमध्ये लेहजवळच्या फे गावी सेकमॉल संस्थेचा मातीच्या भिंतींचा परिसर आहे. बाहेर उणे 15 अंश असताना आत, बुखारी (खोली तापवणारी शेगडी) न पेटवता, अधिक 14, असं संस्था सांगते. आकडा गोड आहे. पण तो कोणत्या वेळचा, हे आधी विचारावं. दुपारी काचेमागचं काहीही तापतं, उन्हात उभी केलेली बंद मोटारसुद्धा. घराची खरी परीक्षा सूर्योदयाआधी. दक्षिणेच्या काचेतून आलेलं ऊन दिवसभर जाड भिंतीत मुरतं आणि रात्री सावकाश खोलीत उतरतं. छपरात ऊब धरणारा थर नसेल, तर ती सगळी कमाई पहाटेपर्यंत उडालेली असते.

म्हणून आत-बाहेर दोन तापमापक हवेत, तासातासाला नोंद हवी आणि त्यात ढगाळ दिवसही हवेत. कुणी म्हणेल, माणसांची ऊबही त्यात धरली जाते. अगदी बरोबर! स्वस्थ बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता देतो. वीस मुलांचा वर्ग म्हणजे दोन किलोवॅटचा हीटरच. तेव्हा एक मोजणी रिकाम्या घरातही व्हायला हवी. सलग ढग आले की घर गारठणार, हा आक्षेपही खरा. पण लेहचं आकाश वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र असतं. सौरघराचा आकडा कुणी सांगितला, तर एवढंच विचारा: पहाटे किती होतं?