आधी वाळवा, मग सांधा



माहूरच्या माणसानं शिडाच्या होडीविषयी बोलायचं म्हटल्यावर तुम्हाला नवल वाटेल. आमच्या गडावरून सागाचं जंगल दिसतं, पैनगंगेचं खोरं दिसतं. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर लांब. पण रेणुकामातेचा लेक परशुराम यानं समुद्र मागं हटवून कोकणची भूमी मिळवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आईचं ठाणं डोंगरावर आणि लेकाचा मुलूख समुद्राकाठी. पोटापाण्यासाठी मीही त्याच वाटेनं गेलो. पैनगंगेत डोंग्यावर बसून वाढलेला मुलगा पुढे कोकणात आणि गोव्यात फायबरच्या होड्या बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कारखान्यांत वीसेक वर्षं राबला. त्या कामात जे शिकलो, आणि एकदा चुकून जे शिकलो, ते आज सांगणार आहे.

जुनी होडी घेऊन येणारा जवळपास प्रत्येक मालक एक वाक्य हमखास म्हणायचा, "फायबरच आहे, त्याला काय होतंय?" लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, फायबरला काही होत नाही, अशी आपली समजूत. ती निम्मी खरी आहे. आणि निम्म्या खऱ्या गोष्टीवर विसंबूनच माणूस जास्त फसतो.

फायबर म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. काचेचे केसासारखे बारीक तंतू, त्यांची चटई किंवा विणलेलं कापड, आणि ते भिजवून घट्ट करणारं रेझिन. स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट असतं, तसंच हे. ताण काच सोसते, आकार रेझिन धरून ठेवतं. बाहेरून जेलकोटचा रंगीत, गुळगुळीत थर असतो. साधारण अर्धा मिलिमीटर जाड. ती होडीची कातडी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अशा लहान होड्या बनू लागल्या आणि १९६० नंतर साच्यातून होड्या काढण्याचा धंदा जगभर वाढला. त्या काळातल्या कितीतरी होड्या आजही पाण्यात आहेत.

आपल्या लष्कराच्या अभियंत्यांची 'तृष्णा' ही ३७ फुटी शिडाची नौका फायबरचीच. सप्टेंबर १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात तिनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडाच्या नौकेनं केलेली ती पहिली भारतीय प्रदक्षिणा. अलीकडचं उदाहरण अभिलाष टॉमी यांचं. २०२२ साली ते 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. त्या शर्यतीचा नियमच असा, की होडीचा आराखडा १९८८ च्या आधीचा हवा. ३६ फुटी, जुन्या घडणीच्या फायबरच्या होडीतून एकट्यानं २३६ दिवसांत जगाला वळसा घालून ते दुसरे आले. वाटेत होडी वाऱ्यावर आपोआप दिशा धरून ठेवणारं यंत्र मोडलं, तेव्हा होडीतल्या शौचालयाचं दार कापून त्यांनी त्याची पाती केली.

तेव्हा फायबर टिकतं, यात शंका नाही. मग बिघडतं काय?

सगळ्यात आधी दिसतो तो उन्हाचा परिणाम. गच्चीवरच्या फायबरच्या कूलरवरून हात फिरवा, तळव्याला पांढरी भुकटी लागते. तसंच होडीचं होतं. हे दुखणं कातडीपुरतं. घासून, पॉलिश करून, वर आच्छादन घातलं की भागतं.

त्याहून खोल दुखणं म्हणजे तळाचे फोड. होडी महिनोन् महिने पाण्यात राहिली, की थोडा ओलावा जेलकोटमधून आत झिरपतो. आत रेझिनचे काही न जमलेले अंश असतात, त्यात तो मिसळतो आणि मग बाहेरचं पाणी आणखी आत ओढलं जातं. मनुका पाण्यात टाकली की फुगते ना, तसा हा प्रकार. फोड फोडला तर चिकट, शिरक्यासारख्या वासाचं पाणी येतं. चार-दोन फोडांनी होडी बुडत नाही, घाबरून जाऊ नये. पण ते उघडावेत, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावेत, पूर्ण वाळवावेत आणि मगच इपॉक्सीनं भरावेत.

खरा दगा होतो तो डेकमध्ये. डेक म्हणजे होडीची गच्ची. ती हलकी आणि ताठ राहावी म्हणून फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असतं. मग त्या डेकला भोकं पाडून कठडे, कड्या, कप्प्या बोल्टनं बसवतात. दहा-पंधरा वर्षांत बोल्टभोवतीचा मसाला वाळतो, तडकतो. तिथून पाणी शिरतं. फायबर कुजत नाही हे खरंच, पण त्याच्या पोटातलं लाकूड कुजतं, आणि वरची कातडी तशीच चकचकीत असल्यामुळं ते कोणाला दिसत नाही.

आता माझ्या चुकीविषयी. उमेदवारीच्या काळात आमच्याकडं एक पंचवीस फुटी जुनी शिडाची होडी आली. डोलकाठीजवळ डेकवर पाय दिला की ओल्या जमिनीसारखं दबायचं. पावसाळा नुकताच सरलेला, हवा दमट. मालकाला दिवाळीच्या सुट्टीत होडी पाण्यात हवी होती. मुकादमानं विचारलं, "होईल का?" मी म्हणालो, "होईल." दबणाऱ्या जागेवर थोडं घासलं, मॅटचे तीन थर चढवले, पुट्टी भरली, रंग मारला. डेक खणखणीत झाला. मालक खूश, मीही खूश.

दुसऱ्याच फेरीत डोलकाठी कोसळली. झालं होतं असं, की डोलकाठीला दोन्ही बाजूंनी पोलादी तारा धरून ठेवतात. त्या होडीत तारेची पोलादी पट्टी डेकमधून खाली जाऊन आतल्या प्लायवूडच्या आडभिंतीला बोल्टनं आवळलेली होती. डेकमधलं पाणी वर्षानुवर्षं त्या भिंतीत उतरत होतं. भिंत भाकरीच्या तुकड्यासारखी भुसभुशीत झाली होती. वारा वाढला, तारेवर ताण आला आणि बोल्ट लाकडासकट उपटले. मालकाच्या पुतण्याच्या खांद्याचं हाड मोडलं. डोक्यावर बसतं तर पोरगा गेला असता.

मालक मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "वरून फार सुरेख झालं होतं हो. आत पाहिलं होतं का तुम्ही?" मी पाहिलं नव्हतं. तो प्रश्न आजही माझ्या कानात आहे.

तेव्हापासून मी एक क्रम धरला. तो तुम्हालाही सांगतो.

पहिलं काम ऐकण्याचं. आपल्या आया-बहिणी माठ घेताना बोटानं वाजवून पाहतात. होडीही तशीच वाजवायची. प्लास्टिकच्या लहान हातोडीनं किंवा नाण्यानं, वीत-वीत अंतरावर. निरोगी जागा टणक बोलते. थर सुटलेली किंवा ओली जागा भद्द बोलते. तिथं खडूनं खूण करायची. मग होडीच्या आत शिरून त्याच जागेच्या खाली पाहायचं. तपकिरी ओघळ, गंजाचा डाग, कुबट वास, हे सगळे साक्षीदार.

दुसरं काम उघडण्याचं. वरचा थर कापून ओलं, कुजलेलं लाकूड काढून टाकायचं, कोरडं आणि टणक लाकूड लागेपर्यंत. खूण केली त्यापेक्षा रोग नेहमी मोठा निघतो. तिथं हात आखडता घेऊ नये.

तिसरं काम वाळवण्याचं, आणि इथंच घाई नडते. जागा वाळली का, हे ओळखायची साधी युक्ती आहे. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून त्या जागेवर रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं, तर अजून ओल आहे. ओल्यावर घातलेला थर चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. उलट आतली ओल कायमची कोंडली जाते.

चौथं काम सांधण्याचं. पंक्चरवाला ट्यूबला ठिगळ लावताना भोकापुरतं घासत नाही, आजूबाजूला ऐसपैस घासतो. इथंही तेच. फायबरच्या जाडीच्या बारापट लांबीचा उतार घासून घ्यायचा. पाच मिलिमीटर जाडीला सहा सेंटिमीटरचा उतार. मग नवं लाकूड इपॉक्सीत बसवायचं आणि वर काचेचं कापड एकेका थरानं चढवायचं. जुन्या फायबरवर पॉलिस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सीची पकड जास्त.

शेवटचं काम भोकांचं. बोल्टचं भोक आधी हवं त्यापेक्षा मोठं पाडायचं, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीनं भरायचं, ते कडक झालं की मधोमध बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडायचं. म्हणजे उद्या मसाला तडकला तरी पाण्याला लाकडाचं तोंड दिसत नाही.

हे काम करताना जिवाला जपा. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून चांगला मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. पॉलिस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. आणि एक गोष्ट कधीही विसरू नका: हार्डनर आणि कोबाल्टचा ॲक्सिलरेटर हे दोन्ही थेट एकमेकांत मिसळू नका, भडका उडतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचा, हार्डनर त्यानंतर, साधारण शंभराला एक ते दोन या प्रमाणात. इपॉक्सीचं प्रमाण मात्र डब्यावर दिलं असेल तेच. जास्त हार्डनर घातल्यानं ते लवकर जमत नाही, कच्चं राहतं. आपल्याकडच्या मे महिन्यात भांडंभर रेझिन कालवलं तर ते भांड्यातच तापून धूर सोडतं. पसरट भांड्यात थोडं थोडं कालवा आणि काम पहाटे उरका.

शिडाच्या होडीला आणखी दोन दुखणी असतात. एक तारा. पोलादी तारेचा एक जरी पदर तुटून काट्यासारखा वर आला, तर ती तार बदलायची. वरून ठीक दिसल्या तरी दहा-पंधरा वर्षांनी सगळ्याच बदलाव्यात. दुसरं शीड. कापडाआधी त्याची शिवण उन्हानं मरते. टाक्याला नखानं ओढून पाहावं. दोरा तुटला, तर शिंप्याकडं न्यायची वेळ झाली.

एवढी उस्तवार कशासाठी, असं वाटेल. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलासाठी 'म्हादेई' बांधली गेली. लाकडाचा गाभा आणि दोन्ही अंगांनी फायबर. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्यानं जगाची फेरी पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. होडी बांधली जात असताना दोंदे स्वतः कारखान्यात होते. होडीच्या पोटात काय आहे ते ज्यानं पाहिलं, त्यालाच भर समुद्रात तिचं दुखणं कळतं. तिथंच बांधलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगाला फेरी घालून आल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा त्यांनी मॉरिशसला थांबून ती दुरुस्त केली आणि मगच पुढं निघाल्या. तीच 'तारिणी' २०२४-२५ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा जग फिरून आली. राखलेली होडी अशी साथ देते.

आता शेवटी आपल्या मुलखाकडं येतो. आपण दुष्काळाचे म्हणून ओळखले जातो. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पण त्याच मराठवाड्यात इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की पैनगंगाकाठची गावं रात्र जागून काढतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ भागात पुराचं पाणी घरात शिरलं, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. अशा वेळी रबराच्या आणि फायबरच्या नावाच कामी येतात. शिडाची होडी आपल्याकडं नसेल, पण फायबरची नाव आहे, आणि तिचीही दुखणी हीच.

नाव वर्षातले अकरा महिने कोरड्यात पडून असते. उन्हात ती पांढरी पडते, तिच्यात पावसाचं पाणी साचतं, इंजिन बसवायच्या फळीचे बोल्ट सैल होतात. आणि कोणी विचारलं तर तेच उत्तर, "फायबरच आहे, त्याला काय होतंय?" तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, तसं पूर आल्यावर नाव तपासायची नसते. कोकणातले लोक पावसाआधी घर शाकारतात, तशी होडीही शाकारून ठेवतात. आपल्याला तर निसर्गानं एक देणगी दिली आहे. समुद्रकाठी ओल वाळवताना कारागीर रडकुंडीला येतात. आपला एप्रिल-मे ते काम फुकट करून देतो.

म्हणून ज्या गावाकडं, ज्या मच्छीमार संस्थेकडं, ज्या कार्यालयाकडं अशी नाव असेल, त्यांना माझी विनंती आहे. चैत्र लागला की ती सावलीत घ्या, पालथी घाला, हातोडीनं वाजवा. भद्द बोललेल्या जागेवर खडूची खूण करा. रंग मारायच्या आधी आत पाहा. कारण त्या नावेत उद्या कोणाचं तरी लेकरू बसणार आहे.