मला माणसं दिसतात, पण झाडांसारखी

पॉडकास्टच्या मागच्या भागानंतर शारजाहून एक प्रश्न आला. ‘रोज रात्री शुभवर्तमान वाचते, प्रार्थना म्हणते. आत प्रकाश वगैरे काही पडत नाही. माझं काय चुकतंय?’ रेकॉर्डिंगमध्ये मी त्यावर घाईघाईत काहीतरी बोलले. त्या उत्तराने माझंच समाधान झालं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी अबुधाबीत दिवसभर लेझर आणि भिंगांच्या संगतीत असते, त्यामुळे ‘प्रकाश’ या शब्दाबाबत जरा खडूस आहे. आमच्याकडे नुसतं ‘दिसला’ म्हणून भागत नाही. किती, कुठल्या तरंगलांबीचा, गोंगाटाच्या किती वर, हे सांगावं लागतं. प्रार्थनेबद्दल बोलताना मात्र आपण हाच शब्द असा वापरतो की जणू कुणीतरी बटण दाबलं. निराशा बहुधा तिथूनच सुरू होते.

तुम्ही ज्या देशात राहून हा प्रश्न विचारता आहात, तिथे तो नवा नाही. अबुधाबीच्या पश्चिमेला सर बनी यास नावाचं बेट आहे. रिसॉर्ट आणि हरणांसाठी लोक तिथे जातात. 1992 मध्ये पुरातत्त्वाच्या पाहणीत तिथे एक ख्रिस्ती मठ सापडला, सातव्या-आठव्या शतकातला. सिरियाक भाषेत उपासना करणाऱ्या पूर्वेकडच्या मंडळीचा, म्हणजे ‘चर्च ऑफ द ईस्ट’चा. मठापासून थोडं दूर अंगणं असलेली छोटी घरं आहेत. ज्येष्ठ संन्यासी तिथे एकांतात राहत, असं अभ्यासक मानतात. 2025 च्या उत्खननात अशाच एका घराच्या अंगणात प्लास्टरचा एक क्रूस मिळाला. लांबी जेमतेम 27 सेंटिमीटर, साधारण तुमच्या लॅपटॉपच्या कीबोर्डएवढी.

ती माणसं काय आणि कशी प्रार्थना करत होती, याचा अंदाज घ्यायला त्याच शतकातला, याच आखाताच्या काठचा एक लेखक आपल्या हाताशी आहे. त्याचं नाव इसहाक. कतार आणि आजूबाजूच्या मुलखाला तेव्हा बेथ कत्राये म्हणत, तिथला हा. त्याला निनवेचा, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या शहराचा, बिशप केलं. पाचच महिन्यांत पद सोडून तो डोंगरात निघून गेला. (पोस्टडॉकचं कंत्राट संपत आलं की मला या माणसाची फार आठवण येते.) परंपरा सांगते की वाचून आणि रडून म्हातारपणी त्याची दृष्टी गेली. त्याच्या लिखाणाचा एक मोठा भाग हरवला आहे असंच समजत होते. 1983 मध्ये सेबॅस्टियन ब्रॉक या अभ्यासकाला तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात सापडला. नोव्हेंबर 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी इसहाकचं नाव रोमच्या संतनामावलीत घातलं. त्याची मंडळी आणि रोम यांच्यात पाचव्या शतकापासून दुरावा आहे, तरीही.

इसहाक काय सांगतो? शास्त्र उघडण्याआधी मदत माग, नुसतं वाचायला बसू नकोस. आणि एखादं वाक्य तोंडात गोड लागलं तर पुढे जाऊ नकोस. तेच पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. आज किती अध्याय झाले याला त्याच्या लेखी किंमत नाही. आपली अ‍ॅप्स नेमकं तेच मोजतात, सलग किती दिवस आणि किती टक्के. आमच्या वसईच्या घरी जपमाळ म्हणणाऱ्या बायकांना किंवा हरिपाठ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना इसहाकचं म्हणणं समजवावं लागलं नसतं.

आता भाषेचं. मी जर्मनीत पीएचडी करत होते तेव्हा आजी आजारी पडली. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “बाय, प्रार्थना म्हण.” तिथल्या विद्यार्थी गटात मला इंग्रजीची सवय झाली होती, मी इंग्रजीत सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर तिने हात वर केला आणि स्वतःच मराठीत म्हणायला लागली. मी मागून म्हणत गेले. मध्ये दोनदा अडखळले. लहानपणी रोज म्हटलेली प्रार्थना होती ती.

मराठीतच देव भेटतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. अमिरातीतल्या चर्चमध्ये मल्याळम, कोंकणी, टागालोग, अरबी अशा कितीतरी भाषांत मिस्सा होतो आणि सगळ्यांचं व्यवस्थित चालतं. पण एक उदाहरण बघा. योहानाच्या शुभवर्तमानात अगदी सुरुवातीला, पाचव्या वचनात, अंधारात तेवणाऱ्या उजेडाचा उल्लेख आहे. अंधाराला त्या उजेडाचं काय करता आलं नाही? तिथल्या ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, ‘पकडणं’ आणि ‘समजणं’. इंग्रजी भाषांतरकाराला एक निवडावा लागतो. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरात समजणं आहे, अलीकडच्या बऱ्याच भाषांतरांत मात करणं आहे. सिरियाक क्रियापदात दोन्ही अर्थ टिकतात, म्हणजे सर बनी यासच्या मठात दोन्ही ऐकू येत असणार. आणि मराठीत? आपल्याकडे ‘आकळणे’ आहे. आवरणं, ताब्यात घेणं, आणि उमगणंसुद्धा. अंधाराला उजेड आकळला नाही, असं म्हटलं की दोन्ही आलं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मेट्रोत होते आणि दोन स्टेशनं पुढे गेले.

वाचायला मराठी प्रत हवी तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आहे, त्याला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंडिता रमाबाईंनी तर केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये छापून झालं.

मग करायचं काय? मार्कचा आठवा अध्याय काढा, 22 ते 26, पाचच वचनं. बेथसैदा गावात एका आंधळ्या माणसाला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? माणूस म्हणतो, माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो. मग सगळं स्पष्ट दिसतं. चारही शुभवर्तमानांत दोन टप्प्यांत बरं झाल्याची ही एकच गोष्ट आहे.

आधी मोठ्याने वाचा. रूममेट झोपली असेल तर ओठांतल्या ओठांत. दुसऱ्यांदा वाचताना कुठे अडकता ते बघा आणि तिथेच थांबा. मी नेहमी त्या माणसाच्या उत्तरापाशी अडकते. समोर येशू उभा आहे, गाव सोडून इथवर आलो आहोत, अशा वेळी ‘हो, दिसतंय की’ म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! मी संशोधनगटाच्या बैठकीत धूसर आलेखाबद्दल असं बोललेही आहे. हा माणूस मात्र जे दिसतं तेच सांगतो. त्याच्या धूसरपणाबद्दल येशू त्याला रागावत नाही आणि ‘श्रद्धा कमी पडली’ असंही म्हणत नाही. तो फक्त पुन्हा हात ठेवतो.

यानंतर पुस्तक मिटायचं आणि तोच प्रश्न स्वतःला विचारला आहे असं समजून उत्तर द्यायचं, ज्या भाषेत खोटं बोलणं तुम्हाला सगळ्यात अवघड जातं त्या भाषेत. मग पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं. बहुतेक रात्री काही होत नाही. माझ्या तरी होत नाही. कधीतरी दुसऱ्या दिवशी दुपारी, सहकाऱ्याशी वाद चालू असताना, समोरचा माणूस झाडासारखा नाही तर माणसासारखा दिसतो, तेवढंच.

तर शारजाच्या ताई, ‘काही दिसत नाही’ हे तुम्ही आम्हाला लिहिलंत. तेच वाक्य प्रार्थनेत म्हणून पाहिलंत का?