माळावरचे मुद्दल

भगवान ऋषभदेवांनी मानवास असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली. बारामती-इंदापूरच्या अनेक जैन घरांत कृषी व वाणिज्य शेजारी नांदतात. पेढीच्या मुद्दलाचा हिशेब दर दिवाळीस होतो. शेतातील मातीचा कोणी ठेवत नाही.

शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविले, ते पाण्याच्या आधारावर. नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या माळावर मात्र मुरमावर जेमतेम वीतभर माती. पाऊस थोडा, पण परतीच्या सरी कोसळल्या की तीही ओढ्यांवाटे नीरा-भीमेस मिळते.

यावर अल्प खर्चाचा उपाय म्हणजे गिरिपुष्पाची आडवी ओळ. समपातळीतील बांधावर पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या जून फांद्यांचे तुकडे हातभर अंतराने रोवावेत. खोडांशी पालापाचोळा अडतो, पाणी मंदावते, गाळ तेथेच बसतो; काही वर्षांत उतार पायऱ्यांसारखा सपाट होऊ लागतो. छाटलेल्या पाल्यातून पिकास नत्र मिळते. मोकाट जनावरे त्यास सहसा तोंड लावत नाहीत. सुबाभळीचे तसे नाही.

हैदराबादजवळील इक्रिसॅटच्या प्रयोगांत सुबाभळीच्या ओळींनी कोरडवाहू पिकाचे पाणी ओढल्याचे दिसले. म्हणून ओळी विरळ, बांधापुरत्याच असाव्यात आणि पेरणीपूर्वी गुडघ्याएवढ्या छाटाव्यात. वाट्याने दिलेल्या शेतात ही छाटणी कोण करणार, हे आधीच ठरवावे. वाटेकरी एका हंगामाचा विचार करतो; त्याचा त्यात दोष नाही.