दिवाडीहून डिचोलीला: एका बिशपाचे दुःख आणि त्याने धरलेली वाट

दिवाडी बेटावरून नार्व्याला जाणारी फेरीबोट थोड्याच मिनिटांत पलीकडे लागते. आज या काठाला तिसवाडी तालुका, त्या काठाला डिचोली. सतराव्या शतकात मात्र हीच नदी दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे विजापूरची आदिलशाही.

ही हद्द ओलांडून गेलेल्यांपैकी एकाची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, देव पलीकडे डिचोली महालातल्या नार्व्याला नेला गेला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दुसऱ्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तोही दिवाडीचाच, तोही डिचोलीला येऊन राहिला, आणि त्यालाही अलीकडच्या सत्तेचाच त्रास झाला होता. फरक एवढाच, की तो ख्रिस्ती होता. नुसता ख्रिस्ती नव्हे, बिशप होता. नाव मातेउस द कास्त्रो.

कास्त्रो यांचा जन्म 1594 च्या सुमारास दिवाडीत, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यात झाला. शिक्षण बार्देशातल्या रेइस मागुश इथे फ्रान्सिस्कन पाद्रींकडे. मुलगा हुशार, मनात पाद्री व्हायचे. पण त्या वेळचे गोव्याचे आर्चबिशप क्रिस्तोव्हांव द सा हे स्थानिकांना दीक्षा देण्याच्या विरोधात होते. म्हणजे बघा, बाप्तिस्मा घ्या, गुडघे टेका, प्रार्थना म्हणा, पण वेदीपाशी उभे राहून मिस्स म्हणण्याचा अधिकार मागू नका.

घरचा धर्म सुटलेला आणि नव्या धर्माच्या घरात उंबऱ्यावरच थांबवलेले, अशी ही स्थिती. याला काय म्हणावे? नशीब म्हणून गप्प बसता येते. रागाने नवा धर्म सोडून देता येतो. कास्त्रो यांनी तिसरेच केले. ते खुष्कीच्या मार्गाने रोमला निघाले आणि 1625 मध्ये तिथे पोचले.

इथे थोडे थांबून ख्रिस्ती विचारात दुःखाला काय जागा आहे ते पाहू. पुष्कळांना वाटते, ख्रिस्ती धर्म दुःखाला चांगले म्हणतो. तसे नाही. खुद्द येशू वधस्तंभाच्या आदल्या रात्री हा प्याला टळो अशी प्रार्थना करतो. दुःख त्याला हवे नसते. पण टळत नाही तेव्हा तो ते दुसऱ्यांसाठी सोसतो. म्हणून ख्रिस्ती माणूस दुःखात ‘हे माझ्याच वाट्याला का?’ एवढेच विचारत नाही. ‘आता हे कुणाच्या उपयोगी पडेल?’ असेही विचारतो. हा विचार गोव्यात मराठीतूनही पोचला होता. 1616 मध्ये राचोलला छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त येशूच्या यातनांची कथा ओवीत सांगितली आहे. ज्ञानेश्वरी ज्या छंदात, त्याच छंदात. त्या वर्षी कास्त्रो विशीच्या थोडे पुढे होते.

आता पुन्हा रोमला जाऊ. तिथे 1622 मध्ये ‘प्रोपागांदा फिदे’ नावाची धर्मप्रसाराची नवी कचेरी सुरू झाली होती. पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाचा जो हक्क होता, त्याला पाद्रुआदो म्हणत. रोमच्या या कचेरीला तो हक्क खुपत होता. ठिकठिकाणी तिथलेच पाद्री तयार व्हावेत असे तिचे धोरण होते. कास्त्रो त्यांना हवेच होते. तिथे ते शिकले, पाद्री झाले आणि गोव्यात परतले. पण इथे त्यांचे कागद मानले गेले नाहीत. पुन्हा रोम. 1637 मध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि आदिलशाही मुलखाचे काम सोपवले गेले. लॅटिन रिवाजाच्या चर्चमधले ते पहिले भारतीय बिशप.

गोव्यात थारा नव्हता, म्हणून त्यांनी डिचोली धरली. कारण उघड आहे. मुलूख विजापूरचा, त्यामुळे पोर्तुगीजांचा हुकूम तिथे चालत नव्हता. आणि जन्मगाव नदीपलीकडेच. मुसलमान सुलतानाच्या राज्यात, हिंदू वस्तीच्या महालात, ख्रिस्ती सत्तेने नाकारलेला ख्रिस्ती बिशप! गोव्याच्या इतिहासाचे सरळ दोन रंग करू पाहणाऱ्यांनी डिचोलीचे हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

कास्त्रो यांनी दुःखाचे काय केले? आपल्यावर झालेला अन्याय त्यांनी आपल्यापुरता ठेवला नाही. एका माणसाची तक्रार त्यांनी प्रश्नात बदलली: इथल्या माणसाने इथल्या चर्चचे नेतृत्व का करू नये? 1653 मध्ये त्यांनी गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून पोर्तुगीजांविरुद्ध एक तिखट पत्रक लिहिले. त्याचे नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’.

या गोष्टीला साधुचरित्र मात्र करू नये. पत्रकाचे नावच सांगते, की त्यांची हाक सगळ्या गोवेकरांना नव्हती, मुख्यतः आपल्या जातीला होती. स्वभाव तापट, जेझुइटांशी त्यांचे हाडवैर. 1654 मध्ये विजापूरच्या फौजेने पोर्तुगीज मुलखावर स्वारी केली, तेव्हा त्यामागे कास्त्रो यांची फूस असल्याचा आरोप पोर्तुगीजांनी केला. 1658 मध्ये ते रोमला गेले ते कायमचे. 1677 च्या सुमारास तिथेच वारले. दुःखाला अर्थ सापडला म्हणून माणूस कडवट होत नाही, असे नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात.

त्यांच्या शेजारी दुसरा गोवेकर ठेवून पाहिला तर हे अधिक कळते. 1651 मध्ये जन्मलेले सांकवाळचे जुझे वाझ. गोऱ्या पाद्रींच्या संघांत गोवेकरांना जागा नाही, ही अडचण त्यांच्याही पुढे होतीच. 1685 मध्ये स्थानिक पाद्रींच्या ओरेटरी या संघाची धुरा त्यांनी उचलली; त्या संघातही सुरुवातीला ब्राह्मणांनाच प्रवेश होता, हे नोंदवायला हवे. 1687 मध्ये ते गरीब मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. तिथे डच सत्तेने कॅथलिक पंथावर बंदी घातली होती. कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकले. पुढे कँडीत देवीची साथ आली तेव्हा याच वाझांनी रोग्यांची सेवा केली. 1711 मध्ये ते कँडीत वारले आणि 2015 मध्ये संत म्हणून जाहीर झाले.

एकाने दुःखातून हक्काची मागणी काढली, दुसऱ्याने सेवा. संतपद दुसऱ्याला मिळाले, ते योग्यच. पण म्हणून पहिल्याची वाट खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. ‘सोसा, त्यातच पुण्य आहे’ हे वाक्य सोसणाऱ्याने स्वतःशी म्हटले तर ती श्रद्धा. सोसायला लावणाऱ्याने त्याला ऐकवले तर ती सोय. कास्त्रो यांनी ही सोय पोर्तुगीजांना मिळू दिली नाही.

त्यांच्या प्रश्नाचे पुढे काय झाले? 1781 मध्ये डिचोली आणि 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, आणि नदीवरची ती हद्द संपली. दरम्यान 1787 च्या पिंटोंच्या कटात गोवेकर पाद्री होतेच. बढतीत डावलले जाण्याचे दुखणे तेच. गोव्याच्या आर्चबिशपपदावर गोमंतकीय माणूस, दों रावल गोन्साल्विस, बसले ते 1978 मध्ये. कास्त्रो बिशप झाले त्याला तेव्हा 341 वर्षे झाली होती.

पुढच्या वेळी नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जाल तेव्हा फेरीबोटीतून एकदा मागे वळून दिवाडीकडे बघा. देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यापलीकडे हा बिशपही गेला. दोघांनाही आसरा मिळाला तो डिचोलीच्याच मातीत.