बागेचा ताण वेळेवर तोडता, मग स्वतःचा?

आंबे बहर धरताना संत्रा बागेचे पाणी आपण डिसेंबरच्या सुमारास बंद करतो. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त दिवस ताण देतो. पाने पिवळसर पडून साधारण २५ टक्के पानगळ झाली, की हलके पाणी देऊन ताण तोडतो. ताण लांबला तर फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात, हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. थोडा ताण कामाचा, पण न तुटणारा ताण घातक. आपली पानगळ मात्र आपल्याला लवकर दिसत नाही.

शरीरात नेमके काय घडते?

पाणी कमी पडले की झाडात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पर्णरंध्रे बंद होऊन पाण्याची बचत होते. माणसातही संप्रेरकेच काम करतात. समजा, रात्री मोटार सुरू करायला गेलात आणि पायाजवळ साप दिसला. मेंदूकडून सूचना जाताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. काही सेकंदांत हृदयाचे ठोके व श्वास वाढतात, यकृत रक्तात साखर सोडते, पचन मंदावते. पाठोपाठ कॉर्टिसॉल वाढते आणि ऊर्जेचा पुरवठा चालू ठेवते. साप निघून गेला की शरीर हळूहळू पूर्ववत होते.

पडलेले भाव, गारपीट, कर्जाचा हप्ता यांची काळजी मात्र सापासारखी निघून जात नाही. शरीर तीच यंत्रणा महिनोन्‌महिने चालू ठेवते. हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून याचे तीन टप्पे मांडले: आधी धोक्याची जाणीव, मग प्रतिकार आणि शेवटी थकवा. लांबलेल्या ताणामुळे झोप मोडते, रक्तदाब व रक्तातील साखर वाढू शकते, पोट बिघडते. निर्णयही चुकतात. गरज नसलेली फवारणी किंवा घाईघाईत केलेली विक्री बऱ्याचदा अशाच मनःस्थितीत होते.

ही लक्षणे ओळखा

• झोप न लागणे किंवा पहाटे दचकून जाग येणे
• भूक मंदावणे, सतत डोके किंवा अंग दुखणे
• लहान गोष्टीवरून घरच्यांवर चिडणे
• शेतात जावेसे न वाटणे, लोकांना टाळणे

ही लक्षणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल, तर ‘ताण असेल’ म्हणून थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

ताण कसा तोडाल?

• श्वास: नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्याहून जास्त वेळ लावून सोडा. असे पाच मिनिटे केल्याने ठोके शांत होतात.
• झोप: कृषिपंपाची वीज रात्री असेल, तर पाणी देण्याच्या पाळ्या घरात किंवा शेजाऱ्यांत वाटून घ्या. जागरण झालेच, तर दुसऱ्या दिवशी झोप भरून काढा.
• व्यसन: तंबाखूने ठोके वाढतात. दारूने डोळा लागतो, पण झोप मध्येच मोडते. दोन्ही ताण तोडत नाहीत, लांबवतात.
• हिशेब: कोणाचे किती देणे आहे आणि कधी, हे एका कागदावर लिहा. हप्ता भरणे शक्य नसेल, तर मुदत संपण्याआधी बँकेत जाऊन पुनर्गठनाबद्दल विचारा.
• बोलणे: घरात, मित्राशी किंवा गटातील शेतकऱ्यांशी मोकळे बोला. पीक गेले म्हणजे तुम्ही नालायक ठरत नाही.

एक काम आजच करा

कीटकनाशके व तणनाशके झोपण्याच्या खोलीत किंवा हाताशी ठेवू नका. घराबाहेर कुलपात ठेवा. घरात कोणी खचलेले असेल, तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. टोकाचा विचार अनेकदा थोड्याच वेळासाठी येतो. त्या वेळी औषध हाताशी नसले, तर जीव वाचू शकतो.

जगणे नकोसे वाटत असेल किंवा घरात कोणी तसे बोलत असेल, तर ते हलक्यात घेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. हा फोन विनामूल्य असून दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक मोबाईलमध्ये साठवा, गोठ्याच्या भिंतीवरही लिहून ठेवा.

ताण तोडताना झाडाला एकदम भरपूर पाणी देत नाही, पहिले पाणी हलकेच देतो. स्वतःच्या बाबतीतही तेच करा. आज एक नीट झोप आणि एका माणसाशी मनमोकळे बोलणे, एवढी सुरुवात पुरेशी आहे.