जैनाबादच्या काठावरची सहल

तापी नदीच्या एका तीरावर बऱ्हाणपूर आणि पैलतीरावर जैनाबाद. येथे आलेली शाळेची सहल बहुधा आहुखान्याकडे वळते. कारण १६३१ साली मुमताजमहलचे दफन प्रथम तेथेच झाले होते. परंतु मुलांना नदीकाठी उभे करून समोरचा शाही किल्ला दाखवावा आणि युरोपियनांशी आलेल्या आरंभीच्या संबंधांतील एक प्रसंगही सांगावा.

नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बऱ्हाणपुरास आला. शाहजादा परवेझ त्या वेळी तेथे होता. दरबारी रिवाजाप्रमाणे जमिनीस मस्तक टेकण्यास रोने नकार दिला. त्याने आसन मागितले. तेही नाकारले गेले. अखेर खांबाला टेकून उभे राहण्याची मुभा मिळाली. तरीही बऱ्हाणपुरात वखार घालण्याची परवानगी त्याने मिळविलीच.

हे सारे कळते ते रोच्याच रोजनिशीवरून. बादशहा जहांगीराच्या आत्मचरित्रात रोचा उल्लेखही नाही. १७७० साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कॅप्टन कुक उतरला, तेव्हाही लेखणी आगंतुकांच्याच हाती होती. तेथील मूळ रहिवाशांनी आपली आठवण तोंडी जपली.

म्हणून सहलीहून परतल्यावर विद्यार्थ्यांना एक निबंध लिहावयास सांगावा : खांबाला टेकलेला तो परदेशी पाहुणा दरबारातील चोपदारास कसा दिसला असेल? या प्रश्नाचे निश्चित उत्तर शिक्षकांपाशीही नसेल. परंतु एकाच रोजनिशीवर विसंबून इतिहास पुरा होत नाही, एवढे मुलांच्या ध्यानी येईल.