हरिहरेश्वरचा खडक आणि भरतीची वेळ

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणकडची मंडळी समुद्र पाहायला निघाली की बहुधा शनिवार-रविवार गाठून निघतात. कारखान्याची सुट्टी, शाळेची सुट्टी, गाडीची सोय, सगळे जुळवून दिवस ठरतो. समुद्राला मात्र शनिवार-रविवार ठाऊक नाही. तो तिथीवर चालतो. आज मी तुम्हांला रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरच्या भूशिराविषयी सांगणार आहे, आणि तिथे जाताना घड्याळाइतकेच पंचांग का जवळ ठेवावे तेही सांगणार आहे.

भूशिर म्हणजे समुद्रात घुसलेले जमिनीचे नाक. हरिहरेश्वर हे श्रीवर्धन तालुक्यातले असेच एक नाक. त्याच्या दक्षिणेला सावित्री नदी समुद्राला मिळते; त्या मुखाला बाणकोटची खाडी म्हणतात. आपल्या बाजूने जायचे तर पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा अशी वाट आहे. ताम्हिणी उतरताना डोंगराच्या कड्यांकडे नीट पाहा. एकावर एक घड्या घातल्यासारखे आडवे थर दिसतात. साडेसहा कोटी वर्षांहून थोड्या आधी जमिनीला भेगा पडून लाव्हारस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. त्या प्रत्येक वाहण्याचा हा थर. मोशीच्या खाणीतून निघणारा काळा दगड आणि हरिहरेश्वरला समुद्र ज्यावर आपटतो तो दगड एकाच घराण्यातला. मुलांना हे घाटातच सांगून ठेवावे, म्हणजे खाली पोचल्यावर दगड ओळखीचा वाटतो.

देवस्थान जुने आहे. हरिहरेश्वर, हर्षिनाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या कुशीत ते वसले आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट मूळचे शेजारच्या श्रीवर्धनचे. १७१३ साली त्यांना पेशवेपद मिळाले आणि त्यांचे हे कुलदैवत पुण्यात घरोघरी माहीत झाले. रिवाज असा की आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे, आणि पुन्हा काळभैरवाचे. त्यानंतर प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा देवळाभोवतीची नव्हे, टेकडीभोवतीची आहे. पायऱ्यांनी वर चढायचे, खडकातल्या अरुंद घळीतून खाली उतरायचे, आणि मग समुद्राच्या अगदी कडेने खडकावरून चालत देवळाशी परत यायचे.

तो कडेचा खडक पाहण्यासारखा आहे. उंच कड्याच्या पायथ्याशी एखाद्या अंगणासारखी सपाट फरशी पसरलेली दिसते. ही समुद्राने केलेली आहे. लाट कड्याच्या पायथ्यावर आपटते, भेगांत शिरते आणि दगड पोखरते. पायथा आत गेला की वरचा भाग अधांतरी राहतो व एक दिवस कोसळतो. पडलेले धोंडे लाटा घासून घासून वाहून नेतात. असे हजारो वर्षे चालले की कडा मागे हटत जातो आणि त्याच्या पायाची फरशी उरते. कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकेही दिसतील. ती मिठाची करणी आहे. लाटेचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते, मागे मिठाचे खडे वाढतात आणि आतून रेटा देऊन दगडाचे कण सुटे करतात. चुन्याच्या ओल्या भिंतीला लोणा लागून पोपडे निघतात ना, त्याच जातीचे काम. फक्त इथे भिंत बेसॉल्टची आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ही फरशी ओहोटीला उघडी पडते आणि भरतीला पाण्याखाली जाते. म्हणजे प्रदक्षिणेची अर्धी वाट दिवसातून दोनदा नाहीशी होते. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला समुद्र. मध्येच पाणी चढले तर वर जायला जागोजागी वाट नाही. या ठिकाणी माणसे दगावली आहेत, आणि ती काही वादळात नव्हे, चांगल्या उन्हाच्या दिवशी.

भरती का येते? चंद्र पृथ्वीवरचे पाणी ओढतो. चंद्राकडच्या बाजूचे पाणी जास्त ओढले जाते, पलीकडच्या बाजूचे कमी, म्हणून पाण्याला दोन्ही बाजूंनी फुगवटा येतो. पृथ्वी फिरताना आपला किनारा या दोन फुगवट्यांखालून जातो, म्हणून दिवसात दोन भरत्या व दोन ओहोट्या. दरम्यान चंद्रही पुढे सरकतो. त्याला गाठायला पृथ्वीला रोज सुमारे ५० मिनिटे जास्त फिरावे लागते. म्हणून आज दहाला भरती असेल तर उद्या ती जवळजवळ अकराला. अमावास्येला व पौर्णिमेला सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीत मिळते आणि उधाण येते. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी थोडेच चढते व थोडेच उतरते. कोळी त्याला भांग म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी सुमारे ५ मीटरपर्यंत चढते. दक्षिणेकडे जावे तसा हा चढ-उतार कमी होत जातो. पण फरशी बुडायला ५ मीटर कशाला हवेत?

कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. त्यापासून सव्वासहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊला. एकादशीला सव्वाआठला भरती आणि दुपारी अडीचला ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, उधाणाला तर भरती बहुधा हिशेबापेक्षा थोडी उशिराच येते. म्हणून छापील वेळापत्रक पाहावेच आणि गावात विचारावेच. पण हिशेब तोंडपाठ असला म्हणजे वेळापत्रकातली चूकही ध्यानात येते.

आता हाच हिशेब देवाच्या दिवसांना लावून पाहा. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. १४ ची पाऊणपट साडेदहा. सोमवती अमावास्या आणि त्रिपुरी पौर्णिमा, १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ज्या दिवशी गर्दी सगळ्यांत जास्त, त्याच दिवशी ऐन दुपारच्या आधी-नंतर उधाणाची भरती असते. पिंपरीहून पहाटे पाचला निघालेली गाडी साडेदहा-अकराला तिथे पोचते. दर्शन आटोपून मंडळी प्रदक्षिणेला निघतात ती नेमकी भर पाण्यात. देवाने असे का योजले हे मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी प्रदक्षिणा चारनंतर करावी किंवा टेकडीवरूनच हात जोडावेत, हे मात्र सांगता येते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वेगाची. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकेच चढते. पाहणाऱ्याला वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे. दुसऱ्या तासात दोन हिस्से. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र तीन-तीन. म्हणजे निम्मे पाणी या दोन तासांतच येते. पहिल्या तासावरून अंदाज बांधणारा फसतो. ओहोटीच्या दीड तास आधी निघावे आणि ओहोटीनंतर तासाभरात वर यावे, हे माझ्या मते पक्के धरावे. पावसाळ्यात तर त्या वाटेला जाऊच नये. शेवाळाने दगड साबणासारखा झालेला असतो.

घड्याळ नसले तरी खडक वेळ सांगतो. खडकाला चिकटलेली पांढरी, वाटाण्याएवढी, खरखरीत टोपणे दिसतील. ती बार्नॅकल. ही कवचातली जिवंत प्राणीजात आहे. ओहोटीला झाकण मिटून ओल धरून ठेवते, भरती आली की झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर काढते आणि पाण्यातले बारीक अन्न गोळा करते. त्याला नेमाने पाणी लागते, म्हणून त्याचा पांढरा पट्टा जिथवर आहे तिथवर पाणी किंवा लाटेचा मारा पोचतो. तुम्ही उभे आहात तिथे हा पट्टा तुमच्या डोक्याच्या वर असेल, तर पाणी कुठवर येणार ते वेगळे सांगायला नको. शिक्षकांनी मुलांना हा पट्टा आधी दाखवावा, देखावा मागून. खळग्यांत साचलेल्या पाण्यात लहान खेकडे, शंख, समुद्रफूल पाहायला मिळतील. पाहावे आणि तिथेच राहू द्यावे. आकाशात तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार हमखास दिसते.

वाळूचा किनारा सोपा, असेही समजू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुले बुडाली. सहल नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ही तारीख लक्षात ठेवावी. मुलांची मोजणी गाडीत बसताना करतो तशी पाण्यापासून परतताना करावी, आणि एक जण केवळ घड्याळ व पाणी पाहण्यासाठी कोरडा ठेवावा.

वेळ उरला तर बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवीला उतरा. तिथून जवळच बाणकोटचा किल्ला आहे. आंग्र्यांकडचा हा किल्ला १७५५ साली इंग्रजांनी घेतला, १७५६ च्या तहाने तो त्यांच्याकडे राहिला, आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. महाडपर्यंतचा व्यापार या खाडीतून चाले, म्हणून मुखावरच्या या लहानशा किल्ल्याला एवढे मोल. किल्ल्यावरून समोर हरिहरेश्वरचे नाक स्पष्ट दिसते. भूगोलाचा धडा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

पुढे थोड्या अंतरावर वेळास. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे इथे वाळूत अंडी घालायला येतात. मादी रात्री येते, भरतीची रेषा ओलांडून वर कोरड्या वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे काढून नेत. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. आता गावकरी घरटी शोधतात, अंडी कुंपणात हलवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिले निघाली की ती समुद्रात सोडतात. फेब्रुवारी अखेरीपासून एप्रिलपर्यंत हा हंगाम असतो. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पिले सोडतात, म्हणून आदल्या रात्री गावातच मुक्काम करावा. घरोघरी राहण्या-जेवणाची सोय होते. एखाद्या दिवशी पिले निघतच नाहीत. मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा.